पाणबुडीसाठी वळलेला दोर

आमच्या भागात पाणबुडी म्हणजे बोअरमधली मोटर. खोल पाण्यात बुडून असते म्हणून पाणबुडी. ती जळाली की शेतकरी तिला वर ओढून काढतो, मोटरसायकलवर आडवी बांधतो आणि बीदरच्या कडेला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या दुकानात आणून टाकतो. त्यामुळे पांढऱ्या मिशांचे, ताठ कण्याचे एक गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, पाणबुडीचं एक काम हाय," तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "किती एचपीची?"

"एचपीचं न्हाई. समुद्रातली पाणबुडी. नौदलाची."

मी हातातली तार खाली ठेवली. जळालेल्या मोटरी भरून द्यायला लागल्यापासून कोणकोण येऊन गेलं होतं, पण समुद्र अजून कुणी आणला नव्हता.

माझं नाव महादेवी. माहेर बसवकल्याण तालुक्यातलं मुडबी, सासर बीदर. लग्नानंतर मी कोळारमधल्या ट्रान्स्फॉर्मरच्या कारखान्यात तार गुंडाळायच्या कामाला लागले. एका लांबलचक शेडमध्ये आम्ही सगळ्या बायकाच. बायकांचा हात हलका, तार तुटत नाही, असं मालक म्हणायचा. हात हलका होता तसा पगारही हलकाच होता, पण काम मात्र पक्कं शिकले. पुढे कारखाना बंद पडला. मी तिथलं गुंडाळायचं एक जुनं यंत्र विकत घेतलं आणि त्याच वसाहतीत दुकान टाकलं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान शरणप्पा, टेम्पो चालवतात. त्यांनी ते यंत्र दुकानात आणून उतरवलं आणि म्हणाले, "आता एक तर हे चालंल, न्हाईतर आपण." दोन्ही चाललं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरच्या आत लोखंडाला खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. तार उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निशचा अगदी पातळ थर असतो. त्या थरामुळेच वीज एका वेटोळ्यातून शेजारच्या वेटोळ्यात उडी मारत नाही. मोटर गरम झाली, थर जळाला, की संपलं. मग आम्ही जुनी तार कापून काढतो, वेढे मोजतो, तितक्याच वेढ्यांची नवी वेटोळी करतो आणि बसवतो. याला आम्ही मोटर भरणं म्हणतो. भरून झालेल्या मोटरीवर तासभर चालवल्यावर हात ठेवायचा. हात ठेवता आला तर काम चांगलं. चटका बसला तर पुन्हा पहिल्यापासून.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक शेतकरी मोटर तयार होईपर्यंत दुकानासमोरून हलायचा नाही, जणू आत त्याच्या घरच्या कुणाचं ऑपरेशन चाललंय. एका देवळातलं विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र दर सणाला जळायचं. पुजारीबुवा म्हणायचे, देवाला आवाज सोसंना. मी म्हणायचे, देवाला सोसतोय, तुमच्या वायरिंगला सोसंना. अशात माझी वर्षं गेली. अलीकडे लोक जळालेली मोटर फेकून नवी बंद डब्यातली घेतात. दुकानात दुपारचं शांत वाटायला लागलं होतं, आणि ती शांतता मला आवडत नव्हती. नेमक्या त्याच दिवसांत हे गृहस्थ आले.

त्यांचं नाव वैजनाथ बिरादार, हळ्ळीखेड (बी)चे. पंधरा-सोळा वर्षांचे असताना घरातून निघाले ते नौदलात रेडिओ विभागात लागले आणि सगळी नोकरी किनाऱ्यावरून समुद्रातल्या जहाजांना निरोप पाठवण्यात गेली. निवृत्तीनंतर गावी येऊन तूर पिकवत होते. मी त्यांना बिरादारअण्णा म्हणायला लागले.

त्यांच्या जुन्या सोबत्यांची एक संघटना होती. पूर्व किनाऱ्यावर एक जुनं प्रक्षेपण केंद्र या म्हाताऱ्या मंडळींनी सांभाळून ठेवलेलं होतं. आत काचेच्या मोठाल्या नळ्यांचं, माणसापेक्षा उंच कपाटांचं ट्रान्समीटर. आता नौदलाकडे नवी यंत्रं आहेत, याची कुणाला गरज नाही. पण मोडीत काढण्याआधी एक दिवस ते चालवायची परवानगी मिळाली होती. आणि नौदलानं मोठ्या मनानं आणखी एक गोष्ट मान्य केली होती. सरावाला निघालेली एक पाणबुडी त्या दिवशी ठरल्या वेळी जरा वर सरकून या जुन्या यंत्राचा निरोप ऐकणार होती.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"यंत्राचं काळीज जळालंय," अण्णा म्हणाले.

ते काळीज त्यांनी सोबतच आणलं होतं. आमच्या मालकांनी आणि त्यांनी मिळून गाडीतून उतरवलं. धान्याच्या कणगीएवढी उभी लाकडी चौकट, तिच्यावर चिनी मातीचे गट्टू, आणि त्यांवरून वर चढत गेलेली जाड वेटोळी. अर्धी काळी पडलेली. एवढी मोठी कॉईल मी कारखान्यातही पाहिली नव्हती.

चहा झाला. मी विचारलं, "अण्णा, पाणबुडी पाण्याखाली. तिला रेडिओ ऐकू येतोच कसा?"

त्यांना हा प्रश्न आवडला असावा. खुर्ची पुढं ओढून सांगायला लागले. "आपल्या घरच्या रेडिओची लाट पाण्यात शिरत न्हाई. खारं पाणी तिला वरच्या वर गिळतंय. पण लाट लै लांब असली, मैलांच्या मापात, तर ती थोडी आत शिरते. अगदी तळाला न्हाई, वरच्या थरात. पाणबुडी त्या थरापर्यंत येते, मागं एक लांब वायर सोडते, ऐकते, आन् पुन्हा खाली जाते. आता एवढी लांब लाट सोडायची तर खांब किती उंच लागंल? डोंगराएवढा. तेवढा उभा करता येत न्हाई, म्हणून आखूड खांबाला ही कॉईल जोडतात. खांबाची उंची जेवढी कमी, तेवढी हिच्या वेटोळ्यांत भरून काढायची."

"आन् पाणबुडी उत्तर देते?"

"न्हाई. बोलली की ती कुठं हाय ते शत्रूला कळतंय. म्हणून आम्ही ठरल्या वेळी तोच निरोप परत परत पाठवायचो. ऐकला असंल असं धरून चालायचं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एकदा खात्याच्या निरोपासोबत एका खलाशाच्या घरचा निरोप आला होता. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. अण्णांनी तो पाठवला, दुसऱ्या वेळीही पाठवला, तिसऱ्या वेळीही. पुढे बऱ्याच दिवसांनी केंद्राच्या फाटकावर कुणी एक अनोळखी खलाशी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन उभा. म्हणाला, पहिल्याच वेळी मिळाला होता साहेब. "तेवढं एकच उत्तर मला आयुष्यात हातात मिळालं," अण्णा म्हणाले.

मी कॉईलभोवती फिरून पाहिलं. जळालेला भाग नवा होता, जुना भाग ठीक होता. विचारलं तर कळलं, मूळची तार जुनी होऊन तुटत आली होती म्हणून एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात अर्धी बदलून घेतली होती. त्यांनी चांगली जाड, भरीव तांब्याची तार घातली. सुरू केल्यावर थोड्याच वेळात धूर. दुसऱ्या ठिकाणी नेली तर त्यांनी हातच लावला नाही.

मी जुन्या तारेचा तुकडा कापून उलगडला. आत शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक शेकडो तारा, प्रत्येकीवर वार्निशचा थर. थोड्या तारांची एक बारीक वात पिळलेली, अशा काही वातींचा एक पेड, आणि तीन पेड मिळून जाड वायर. वरून सुती वीण.

"हे असं कामून?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "रेडिओची असली वीज तारेच्या पोटातून जात न्हाई, फक्त सालीवरून जाते. जाड तारेला साल कमी, पोट जास्त. पोट रिकामं आन् साल तापते. बारीक तारा लै घेतल्या की साल वाढते. पण त्या नुसत्या जुडीत बांधून चालत न्हाई. प्रत्येक तार कधी आत, कधी बाहेर, अशी सारखी फिरायला पायजे. न्हाईतर बाहेरच्यांवरच सगळा भार."

असली वायर तयार मिळते, पण त्यांना लागणाऱ्या जाडीची मागवली तर ती कार्यक्रम होऊन गेल्यावर आली असती. बारीक सुटी तार मात्र माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे हैदराबादला होती. दोनदा करून पाहण्याइतकी. तिसऱ्यांदा चुकायला तार नव्हती आणि दिवसही नव्हते.

"जमंल का अक्का?"

"बघते," मी म्हणाले. मोटरीच्या बाबतीत मी कधी 'बघते' म्हणत नाही. 'परवा न्या' म्हणते.

आधी मी हातानं वेणी घालून पाहिली. हातभर झाली आणि माझी मान आखडली. लागणार होती ती आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि वर आणखी. यंत्रावर पिळावी तर माझं यंत्र तार गुंडाळतं, पिळत नाही. मालक जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "दोर वळल्यासारखं करायलीस की तू." ते सहज बोलले होते. माझा घास हातातच राहिला. मुडबीला आमच्या घराच्या मागं नरसिंगमामा राहायचे. अंबाडीचे दोर वळायचे. कासरे, नाडे, विहिरीचे सोल, सगळ्या पंचक्रोशीला त्यांचेच. लहानपणी मी तासन् तास ते बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन मुडबीला गेले. नायलॉनचे दोर आल्यापासून मामांचं काम जवळपास बंद होतं, तरी दोराला पीळ द्यायचं चाक अजून ओसरीत होतं. मी बारीक तारेची रीळ पुढं ठेवली आणि काय हवंय ते सांगितलं.

मामांनी तार बोटांत धरून पाहिली. "माझी थट्टा करायलीस का गं, महादेवी? ही तार हाय. हिला दम न्हाई, लव न्हाई. अंबाडीला लव असती म्हणून ती एकमेकींना धरती."

"धरायचं न्हाई मामा. नुसतं एकमेकींभोवती फिरायचं."

"न धरणारा दोर काय कामाचा?"

तेव्हा अण्णा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि समुद्राची, पाणबुडीची, लांब लाटेची सगळी गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, कानडीत. मामांच्या घरात कानडी जास्त चालते. मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजी हा दोर पाण्यात बुडालेल्या माणसाला ओढाया न्हाई, हाक मारायला हाय."

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मग करू."

पहिला प्रयत्न मुडबीतच, त्यांच्या गल्लीत झाला. एका टोकाला मामी चाक फिरवणार, दुसऱ्या टोकाला मी ताण धरणार, आणि मामा खाचा पाडलेला लाकडी ठोकळा पेडांच्या मधे धरून चालत येणार. ठोकळ्याच्या मागं दोर तयार होत जातो. पाहायला ते फार सुंदर दिसतं. तांब्याचा लाल दोर उन्हात चमकत होता, सगळी गल्ली जमली, मधेच एक ट्रॅक्टर आला तर आम्ही ट्रॅक्टरला थांबवलं. संध्याकाळी मी आणि अण्णांनी एकेक तार मीटरवर तपासली आणि माझं तोंड उतरलं. कितीतरी तारा आत तुटल्या होत्या. कितीतरी एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे वार्निशचा थर खरवडला गेला होता.

मी कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. मामांनी मात्र दोर उचलला, बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"दोन चुका हायत," ते म्हणाले. "मी अंबाडीसारखा घट्ट पीळ दिला. तांबं मऊ, ते ताणलं आन् तुटलं. आन् ही धूळ. गल्लीतली कच आत शिरून घासली."

"तिसरी माझी," मी म्हणाले. "चाकाला तार अडकवायचे लोखंडी आकडे तसेच ठेवू दिले मी." वार्निश लोखंडाला घासलं की जातं, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंच, पण मामांच्या चाकाला हात लावायचा धीर झाला नाही.

अण्णा म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, आतल्या वाती एका दिशेनं पिळायच्या आन् पेड उलट्या दिशेनं, म्हंजी उलगडत न्हाईत."

"ते मी केलंय की," मामा म्हणाले. "त्याबिगर दोर होतच न्हाई." दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्या हसण्यानं माझ्यातही पुन्हा बळ आलं.

दुसऱ्या खेपेला मी माझ्या जुन्या, बंद पडलेल्या कारखान्याचं शेड मागितलं. कारखान्याच्या मालकाच्या मुलानं किल्ली दिली, विचारलंही नाही कशाला. शेड लांब, सरळ, वारा नाही. मग मी आणखी एक गोष्ट केली, जी खरं तर दुकान टाकलं तेव्हाच करायला हवी होती. माझ्यासोबत तिथं तार गुंडाळणाऱ्या बायकांपैकी दोघींना बोलावलं, सुगलाबाई आणि रेहाना. एक आता मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरते, दुसरी घरी शिवण करते. असले हात पाकिटं भरतात याची मला आजही हळहळ वाटते. दुकानात मी एकटीच राबले, यांना कधी हाक मारली नाही. त्या दोघी आल्या आणि चपला काढून उंबऱ्याशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग रेहानानं पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. आम्ही सगळं शेड धुऊन काढलं.

मामांनी लोखंडी आकड्यांच्या जागी लाकडाचे आकडे केले. त्यांना आणि ठोकळ्याच्या खाचांना काचकागदानं घासून मेण लावलं. तारा सुगलाबाई आणि रेहानाच्या बोटांतून सुटत होत्या. ताण कमी झाला की एक म्हणायची "सैल", जास्त झाला की दुसरी म्हणायची "बस", आणि मामी तसं चाक फिरवायच्या. मामांना मात्र सगळ्यात अवघड काम होतं, उभ्या जन्मात दिलेला घट्ट पीळ विसरायचं. ते पुटपुटत चालत होते, "सैल, सैल, हिला झोप लागू दे." प्रत्येक वात झाली की लगेच मीटर. तुटकी तार निघाली तर ती वात बाजूला. असं करत करत तीन पेड झाले, आणि तिन्हींचा शेवटचा दोर मामांनी एका दमात, न थांबता वळला. शेडच्या त्या टोकाला पोचले तेव्हा त्यांचा सदरा घामानं चिंब होता.

मीटरनं तपासलं. सगळ्या तारा अखंड, एकही दुसरीला चिकटलेली नाही. सुगलाबाईनं विचारलं, "झालं?" मी मान डोलावली. ती खाली फरशीवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. रेहाना तिला म्हणाली, "रोती काय को? अभी चाय पिला."

सुती वीण चढवून दोर कॉईलच्या चौकटीवर चढवला, ते माझं रोजचं काम. वेढे मोजायचे, सारखं अंतर ठेवायचं, हात हलका ठेवायचा. मग आमच्या मालकांनी टेम्पोत गाद्या अंथरल्या, कॉईल त्यावर निजवली आणि आम्ही चौघं किनाऱ्याकडे निघालो: मालक, अण्णा, मी आणि नरसिंगमामा. मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. "माझा दोर जायलाय तर मी कामून न्हाई?" असं म्हणाले आणि टेम्पोत चढून बसले.

केंद्रात अण्णांचे सोबती वाटच बघत होते. सगळे साठी-सत्तरीचे, इस्त्रीचे शर्ट, छातीवर जुनी पदकं. कॉईल जागेवर बसवली. टोकाच्या तारा एकेक साफ करून सोल्डर करणं माझ्याकडे होतं. तिथल्या प्रमुखांनी, एका निवृत्त अधिकाऱ्यांनी, स्वतः माझ्यासाठी दिवा धरला.

यंत्र हळूहळू चढवतात, एकदम नाही. काचेच्या नळ्या आधी लालसर झाल्या, मग उजळल्या. आम्हाला जाळीच्या अलीकडे उभं केलं होतं. थोडी शक्ती वाढवली आणि कॉईलच्या वरच्या टोकाला बारीक निळी ठिणगी फुरफुरायला लागली, सापानं जीभ काढावी तशी. कुणीतरी ओरडलं, बंद. सगळं बंद झालं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मामांनी पाहिलं.

यंत्र बंद करून, उरलीसुरली वीज जमिनीत उतरवून मग मला आत सोडलं. शिडीवर चढून मी वरचा जोड बोटांनी चाचपला. एक तार, केसाएवढी, सोल्डरमधून बाहेर डोकावत होती. एवढ्या दाबाच्या विजेला टोकदार काही दिसलं की ती तिथून हवेत उडायला बघते. मी तार कापली, जोड पुन्हा वितळवला, घासून गुळगुळीत केला. खाली उतरून म्हणाले, "आता लावा."

लावलं. नळ्या उजळल्या. शक्ती वाढत गेली, काटे चढत गेले, आणि कॉईल शांत उभी राहिली. ना ठिणगी, ना वास. फक्त एक बारीक गुणगुण, जी कानापेक्षा छातीला जास्त कळते.

ठरलेली वेळ झाली. निरोपाची अक्षरं ठोकायच्या किल्लीसमोर अण्णा बसले. प्रमुख म्हणाले, निरोप काय ते तुमचं तुम्ही ठरवा, एकच वाक्य. अण्णा मामांकडे वळले. "मामा, काय पाठवू?"

मामांनी फार विचार केला नाही. "मुडबीचा दोर पोचला का, एवढं विचारा."

अण्णांनी त्याचं इंग्रजी केलं आणि बोटं चालवायला सुरुवात केली. कट्ट, कडकट्ट. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो हात मला कळत होता. कामात मुरलेला हात कुठल्याही कामात ओळखू येतो. तोच निरोप त्यांनी पुन्हा पाठवला, आणि पुन्हा, ठरलेली मुदत संपेपर्यंत. मग यंत्र बंद केलं.

सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते. मी प्रमुखांना विचारून जाळीच्या आत गेले आणि कॉईलवर तळहात ठेवला. वरपासून खालपर्यंत. कोमट होती, दुपारच्या भिंतीएवढीही नाही. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. मालक जाळीबाहेरून म्हणाले, "काय?" मी म्हणाले, "या, तुमीपण हात लावा." त्यांनी लावला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. चारचौघांत त्यांनी असं आधी कधी केलं नव्हतं.

आता वाट बघायची होती. पाणबुडी पाण्याखालून बोलत नाही. ती वर येऊन, साध्या रेडिओवरून बंदराला कळवेल तेव्हाच समजणार. जेवणं झाली. म्हाताऱ्या मंडळींनी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण प्रत्येकाचा एक कान फोनकडे. मामा बाहेर कट्ट्यावर बसून समुद्राकडे बघत होते. मी जाऊन शेजारी बसले.

"लै मोठंय गं," ते म्हणाले. "आन् ह्यात त्यांनी आपला दोर शोधायचा."

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. प्रमुखांनी घेतला, ऐकलं, कागदावर लिहिलं. मग तो कागद त्यांनी स्वतः न वाचता अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा लावला. त्यांनी आधी इंग्रजीत सोबत्यांना वाचून दाखवलं, आणि ती सगळी पदकवाली माणसं शाळेतल्या पोरांसारखी टाळ्या वाजवायला लागली. मग अण्णा बाहेर कट्ट्यापाशी आले.

"मामा, पाणबुडीनं उत्तर दिलंय. म्हणतेत, मुडबीचा दोर पोचला. पहिल्याच वेळी, एकूण एक अक्षर स्वच्छ."

मामा उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, पुन्हा बांधला.

"आन् पुढं त्यांनी एक विचारलंय," अण्णा म्हणाले. "मुडबी कुठं हाय?"

"मग सांगा की त्यांना."

"आता पाठवता येत न्हाई मामा. आपली वेळ संपली."

मामांनी पाण्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "कुणी न कुणी कधीतरी सुट्टीवर येतंलच की वर," ते म्हणाले. "त्यांना कळवून ठेवा. बसवकल्याणला उतरायचं, तिथून मुडबीची बस हाय. नरसिंग दोरवाल्याचं घर विचारलं तर कुणीबी दावंल."